फिल्म स्कॅनर घेण्याआधी काकांचे डबे नीट उघडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. काकांच्या पश्चात तीन डबे तुमच्याकडे आले. एकात आग्फा क्लिक-थ्रीवर काढलेल्या चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह, दुसऱ्यात ३५ मिमी कलर निगेटिव्हच्या पट्ट्या आणि तिसऱ्यात दोनेकशे स्लाइड्स, त्याही बहुतेक अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या, आणि रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या. सगळं मिळून अठराशेच्या घरात. आता ७२०० डीपीआयचा नवा फिल्म स्कॅनर घ्यावा, ४००० चा जुना निकॉन शोधावा, की कागदही चालतो आणि निगेटिव्हही चालते असा फ्लॅटबेड आणून मोकळं व्हावं, हे तुम्हाला ठरवायचं आहे. आणि जाता जाता तुम्ही विचारलंत, की फोटोग्राफर मंडळी नुसत्या फिल्मच्या स्कॅनरसाठी एवढी का झुरतात, त्यांना त्यातून हवं तरी काय असतं?

हे जाता जाता विचारलेलंच मला महत्त्वाचं वाटतं. त्याचं उत्तर नीट कळलं तर कोणतं मशीन घ्यायचं हे तुम्ही स्वतःच ठरवाल. कदाचित काहीच घ्यायचं नाही असंही ठरवाल.

माझं थोडं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. इंदूरला राजवाड्यामागे वडिलांचा छोटा स्टुडिओ होता. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र, आणि डेव्हलपरचे ट्रे यांच्यात मी वाढलो. पुढे रोल धुवायला येणं बंद झालं आणि डार्करूमच्याच खोलीत स्कॅनर आला. गेली सतरा-अठरा वर्षं इंदूर, देवास, महूकडच्या घरांतले असले डबे माझ्या टेबलावर येतात. लिहितो ते त्या कामावरून. तुमच्या डब्यांत नेमकं काय निघेल त्यावर काही गोष्टी बदलतील, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी ते ७२०० डोक्यातून काढू. खोक्यावर छापलेला डीपीआय म्हणजे सेन्सर आणि त्याला सरकवणारी मोटर मिळून एका इंचात किती ठिकाणं मोजतात तो आकडा. त्या प्रत्येक ठिकाणी दिसतं काय, हे मात्र आतल्या भिंगावर आणि फोकसवर ठरतं. बारीक रेघांचा टेस्ट चार्ट स्कॅन करून कोणत्या रेघा वेगळ्या दिसतात हे पाहिलं की खरा आकडा बाहेर येतो. प्लस्टेकचे ७२०० वाले ऑप्टिकफिल्म स्कॅनर अशा तपासणीत साडेतीन हजारांच्या थोडे पुढेमागे उतरतात. एप्सनच्या व्ही ८५० फ्लॅटबेडवर ६४०० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तेवीसशेच्या आसपास मिळतं. निकॉनचा कूलस्कॅन ४००० म्हणतो आणि जवळपास तेवढं देतो. फोटोग्राफर लोक त्याच्या मागे लागतात त्याचं पहिलं कारण हे, की तो बोलतो तेवढं करतो.

३५ मिमीची फ्रेम २४ गुणिले ३६ मिलिमीटर असते. ४००० ला ती सुमारे ५६७० गुणिले ३७८० पिक्सेल होते, म्हणजे एकवीस मेगापिक्सेलच्या वर थोडं. ३०० डीपीआयने छापायचं तर बारा बाय अठरा इंचांचा प्रिंट आरामात निघतो. तीच फ्रेम ७२०० ला स्कॅन केली तर जवळजवळ सत्तर मेगापिक्सेलची, १६ बिटमध्ये, म्हणजे उजेडाच्या जास्त बारीक पायऱ्या ठेवून, चारशे एमबीच्या वरची फाइल तयार होते, आणि त्यातला तपशील मात्र साडेतीन हजारचाच. बाकीची हार्डडिस्क तुम्ही हवेने भरता. हे वाईट स्कॅनर आहेत असं माझं म्हणणं नाही, किमतीच्या मानाने चांगले आहेत. फक्त आकड्याकडे पाहून पैसे मोजू नका.

आणि क्लिक-थ्री? त्या कॅमेऱ्याला फोकस करायची सोयच नव्हती. साधं भिंग, संथ शटर, आणि बहुतेक फोटो हातात धरून काढलेले. त्या निगेटिव्हमध्ये ४००० डीपीआयने शोधून काढावं असं काही नाही. शिवाय निगेटिव्ह मोठी, ५६ मिलिमीटरचा चौकोन. फ्लॅटबेडच्या खऱ्या २३०० नेसुद्धा पाच हजार गुणिले पाच हजारची फाइल मिळते. काकूंचा चेहरा त्यात जेवढा स्पष्ट दिसेल तेवढाच जगातल्या सगळ्यात महाग ड्रम स्कॅनरवर दिसेल. त्यामुळे पहिल्या डब्यासाठी फिल्म स्कॅनरचा विचारही करू नका. तसंही स्वस्तातले फिल्म स्कॅनर फक्त ३५ मिमी घेतात. १२० रोलची, म्हणजे क्लिक-थ्रीसारखी मोठी निगेटिव्ह घेणारे वेगळे आणि भलतेच महाग असतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आम्हाला काय हवं असतं?

सगळ्यात आधी, फिल्म सपाट धरणं. ऐकायला किती साधं वाटतं! पण माझी निम्मी कटकट यातच गेली आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये ड्राफ्ट्समन म्हणून इंदूरला नोकरीला आले आणि पुढे इथेच कॅमेऱ्याच्या नादी लागले. ते काम करायचे काचेवर. काच वाकत नाही. फिल्म वाकते, आणि वाकते ती इमल्शनच्या, म्हणजे चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराच्या बाजूला, कारण जिलेटिन वाळलं की आक्रसतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पट्ट्या पन्हळीसारख्या वळतात. स्कॅनरच्या भिंगाला फोकसची जागा अगदी पातळ मिळते, केसाच्या जाडीचा फरक झाला तरी कोपरे मऊ पडतात. मधला चेहरा खणखणीत आणि कडेला उभी माणसं पुसट, असं स्कॅन दिसलं की लोक काकांच्या कॅमेऱ्याला नावं ठेवतात. दोष बऱ्याचदा वळलेल्या पट्टीचा असतो.

चांगला फिल्म स्कॅनर इथे दोन गोष्टी करतो. पट्टी दोन्ही कडांनी घट्ट धरतो, आणि प्रत्येक फ्रेमवर नव्याने फोकस करतो. फोकसचा बिंदू आपण हलवूही शकतो. मी तो फ्रेमच्या मध्यावर न ठेवता मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे ठेवतो, म्हणजे वळणाची चूक दोन्हीकडे वाटून जाते. प्लस्टेकच्या ८१०० किंवा ८२००आय मध्ये फोकस कारखान्यातच पक्का केलेला असतो, आपल्या हातात काही नाही. पट्टी सपाट असेल तर काम फक्कड, नसेल तर नाइलाज. काही फ्लॅटबेडच्या होल्डरची उंची खालीवर करता येते, पण ती अंदाजपंचे. काचेखाली दाबावं तर गुळगुळीत बाजू काचेला चिकटते आणि पाण्यावर तेल सांडल्यासारखी इंद्रधनुषी वर्तुळं स्कॅनमध्ये उमटतात. न्यूटनची वर्तुळं म्हणतात त्यांना. त्यासाठी किंचित खरखरीत अशी खास काच मिळते.

घरगुती उपाय सांगून ठेवतो. पट्ट्या स्वच्छ पाकिटात घालून, वळण उलट्या बाजूला येईल असं पाहून, जाड पुस्तकांखाली आठ-दहा दिवस दाबून ठेवा. हे काम दिवाळीनंतर करा. भर पावसाळ्यात दाबून ठेवाल तर इमल्शन पाकिटालाच चिकटायची भीती असते.

दुसरी गोष्ट म्हणजे काळोख. हे मला जरा सावकाश सांगू द्या, कारण तुमचा तिसरा डबा इथेच अडणार आहे आणि मीही इथेच तोंडघशी पडलो होतो.

अनंत चतुर्दशीची रात्र आठवा. मिलांच्या झाँक्या निघाल्या आहेत, गाड्यांवर हजारो दिवे, फिरणारी चित्रं, आणि दोन्ही बाजूंना अंधारात गच्च भरलेला रस्ता. हे स्लाइडवर काढलं की दिव्यांच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी, पारदर्शक राहते आणि गर्दीच्या जागी गडद काळी होते. ती काळी जागा काळी दिसते, रिकामी नसते. स्लाइड उजेडासमोर धरून लूप, म्हणजे डोळ्याजवळ धरायचं छोटं भिंग, लावला की त्या काळ्यात फेटे दिसतात, खांद्यावर बसलेली मुलं दिसतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली. तुमच्या स्लाइड्स त्याआधीच्या असतील तर दिव्यांपेक्षा मोलाची आहे ती खालची माणसं.

फिल्मचा गडदपणा लॉगच्या मापात मोजतात. घनता ३ म्हणजे हजारातला एक भाग उजेड पलीकडे जातो. ३.६ म्हणजे चार हजारांतला एक. चांगल्या स्लाइडचा काळा रंग इथपर्यंत सहज जातो. ब्लॅक अँड व्हाइट किंवा कलर निगेटिव्ह इतकी गडद सहसा होत नाही, म्हणून निगेटिव्हवर कोणताही स्कॅनर चालून जातो आणि स्लाइडवर त्याची लायकी कळते. हलका स्कॅनर त्या चार हजारातल्या एका भागात गर्दीच्या जागी लाल-हिरवी वाळू देतो. नॉइज. उजळवायला जावं तर ती वाळूच उजळते.

इथेही खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. कूलस्कॅन फाइव्हच्या कागदपत्रांत घनता ४.२ लिहिली आहे, थोरल्या ५००० च्या ४.८. हे आकडे आले कुठून? पहिला १४ बिटचा, दुसरा १६ बिटचा. दोनाचा चौदावा घात १६,३८४, त्याचा लॉग ४.२. दोनाचा सोळावा घात ६५,५३६, त्याचा लॉग ४.८. म्हणजे हे कागदावरचं गणित आहे, फिल्म लावून केलेलं मोजमाप नव्हे. तरीही ही मशीन सावल्यांत खरोखर चांगली आहेत, आणि थोरल्या ५००० मध्ये एकाच ओळीवरून अनेकदा वाचून सरासरी काढायची सोय आहे. चारदा वाचलं की वाळू निम्मी होते, सोळादा वाचलं की पाव. वेळ मात्र त्याच हिशेबाने वाढतो. मी झाँकीच्या स्लाइडला चार देतो. सोळा फक्त एखाद्या अगदी निवडक फ्रेमला.

आता माझी फजिती. पहिला जुना स्कॅनर मी न बघता, फोनवर बोलून मागवला. विकणारा म्हणाला, मशीन अगदी ओके आहे. पहिल्याच आठवड्यात एका ओळखीच्या घरच्या झाँकीच्या स्लाइड्स लावल्या. प्रत्येक दिव्याभोवती दुधाळ वलय, आणि ते शेजारच्या अंधारात सांडलेलं. मी त्या गृहस्थांना ठामपणे सांगितलं, की तुमच्या वडिलांच्या लेन्सला बुरशी होती. त्यांनीही मान डोलावली. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कोणाच्या स्लाइडवर तेच वलय दिसलं तेव्हा मी लूप काढला. स्लाइडवर दिवे टाचणीच्या टोकासारखे स्वच्छ! मशीन उघडलं तर आतल्या आरशावर वर्षानुवर्षांच्या धुळीची पांढरी साय धरलेली. आरसा पुसला, वलयं गेली, आणि त्या गृहस्थांकडे जाऊन त्यांच्या दिवंगत वडिलांची माफी मागून आलो. सगळ्या स्लाइड्स पुन्हा स्कॅन केल्या त्या वेगळ्याच.

म्हणून जुना स्कॅनर घेणार असाल तर ही एक परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जिथे लख्ख पांढरं आणि गच्च काळं शेजारी शेजारी आहे अशी स्लाइड न्या. पांढऱ्याचा उजेड काळ्यात पाझरताना दिसला तर आरसा मळलेला आहे. विकणारा तुम्हाला ते 'फिल्मचं कॅरेक्टर' म्हणून पटवेल. पटवून घेऊ नका.

तिसरी गोष्ट धूळ, आणि इथे फिल्म स्कॅनरची खरी करामत आहे. कलर फिल्ममध्ये शेवटी उरतात ते रंग, आणि ते रंग इन्फ्रारेड किरणांना जवळजवळ पारदर्शक असतात. धुळीचा कण किंवा चरा मात्र ते किरण अडवतो. मग स्कॅनर लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथं वाचन इन्फ्रारेडमध्ये करतो. त्या चौथ्या चित्रात फोटो दिसतच नाही, दिसते फक्त घाण. ती कुठे आहे हे कळलं की आजूबाजूच्या रंगांनी ती जागा बुजवता येते. डिजिटल आइस म्हणतात ते हेच. कधी पाहिलं नसेल तर पहिल्यांदा जादूच वाटते. गेरच्या फ्रेमवर गुलाल कोणता आणि धूळ कोणती हे माझ्या डोळ्यांना कळत नव्हतं, मशीनला कळलं!

पण ही जादू ब्लॅक अँड व्हाइटवर चालत नाही. तिथे चित्र खऱ्या चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. मशीनला सगळा फोटोच धूळ वाटतो आणि ते माणसांची नाकंडोळे पुसायला लागतं. इलफर्डच्या एक्सपी-टू सारख्या काही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रंगीत रसायनात धुतल्या जातात, त्यांच्यात शेवटी चांदी उरत नाही, त्यांना हे चालतं. कोडाक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्मवरही साधं आइस गोंधळतं. परदेशातून आलेल्या कोणीतरी काकांना कोडाक्रोमचे रोल आणून दिले असतील तर स्लाइडच्या चौकटीवर नाव असेल, बघून घ्या. तुमच्या पहिल्या डब्यासाठी इन्फ्रारेडचे पैसे मोजणं म्हणजे शुद्ध नुकसान. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यासाठी ते न मोजणं त्याहून मोठं नुकसान, कारण हाताने एकेक ठिपका पुसायला बसलात तर एका फ्रेमला अर्धा तास कुठेच जात नाही.

ब्लॅक अँड व्हाइटचं आणखी एक आहे. चांदीचे कण उजेड विखुरतात. सरळ रेषेत येणारा कडक उजेड दाणाही ठळक करतो आणि चरेही. पसरट, दुधी काचेतून आलेला मऊ उजेड दोन्ही सौम्य करतो. डार्करूममध्ये कंडेन्सरचा एन्लार्जर आणि डिफ्यूजरचा एन्लार्जर यांच्या प्रिंटमध्ये हाच फरक पडायचा. त्यामुळे जुन्या, चरे पडलेल्या चांदीच्या निगेटिव्ह मी फिल्म स्कॅनरमध्ये घालतच नाही. त्यांना मऊ उजेडावर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने टिपतो.

कॅमेऱ्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर ३५ मिमीची फ्रेम त्यात पूर्ण भरली की सहा हजार पिक्सेल ३६ मिलिमीटरवर पडतात. हे चार हजार दोनशे डीपीआयच्या बरोबरीचं झालं. लागते ती अगदी जवळून टिपणारी चांगली मॅक्रो लेन्स, रंग नीट दाखवणारं एलईडी पॅनल आणि कॅमेरा खाली तोंड करून पक्का बसेल असा स्टँड. आमच्याकडे जुन्या एन्लार्जरचा खांबच कामी आला. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का हे बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसलं की झालं. लेन्सचं छिद्र एफ ५.६ ते ८ च्या मध्ये ठेवा. जास्त बारीक केलंत तर इतक्या जवळून विवर्तनाने, म्हणजे छिद्राच्या कडेला उजेड पसरल्याने, धार जाते. वेगात या पद्धतीला तोड नाही. पण इन्फ्रारेड नाही, आणि कलर निगेटिव्हची केशरी छटा काढून रंग जुळवणं हे स्वतःचंच एक शास्त्र आहे. तो केशरी थर फिल्म बनवणाऱ्यांनी रंगद्रव्यांच्या खोटी झाकायला मुद्दाम घातलेला असतो. नुसतं उलटं करून, निळा वाढवून काम भागत नाही. चेहरे आजारी दिसतात.

तर आतापर्यंत एवढं झालं. चौकोनी निगेटिव्हला फ्लॅटबेड किंवा कॅमेरा पुरतो. कलर पट्ट्यांना इन्फ्रारेड हवं. स्लाइड्सना इन्फ्रारेड हवं आणि सावल्या ओढून काढणारं मशीनही हवं. म्हणजे तुमच्या अठराशेपैकी खऱ्या अर्थाने फिल्म स्कॅनर मागणाऱ्या फ्रेम्स दोनेकशे स्लाइड्स आणि कलरमधल्या निवडक काही.

निवडक का म्हणतो, तर वेळ. हे कोणी सांगत नाही. पट्टी फुंकून साफ करणं, लावणं, प्रिव्ह्यू, फोकस, ४००० वर आइससकट स्कॅन, फाइलला नाव देणं, या सगळ्याला माझी सरासरी एका फ्रेमला पाच मिनिटं आहे, आणि माझा हात बसलेला आहे. अठराशे गुणिले पाच म्हणजे दीडशे तास. रोज एक तास बसलात तर पाच महिने. पहिले पंधरा दिवस उत्साह असतो. पुढे काय होतं ते मी बरंच पाहिलं आहे. तीनशे फ्रेम्स झाल्यावर स्कॅनरवर टेबलक्लॉथ पडतो आणि वर फुलदाणी येते. कामाच्या माणसाला स्कॅनरकडून हवी असलेली चौथी गोष्ट म्हणून ही: सहा फ्रेम्सची पट्टी घालावी आणि चहा करून यावं. निकॉन पट्टी स्वतः आत ओढतो. प्लस्टेकच्या ८००० मालिकेत होल्डर प्रत्येक फ्रेमला हाताने सरकवावा लागतो. दोनशे फ्रेम्सना चालेल. अठराशेला मनगट आणि संयम दोन्ही दुखतील.

सॉफ्टवेअरवर थोडक्यात. निकॉनचं स्वतःचं जुनं सॉफ्टवेअर आजच्या कॉम्प्युटरवर सरळ चालत नाही. व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट घ्यावं लागतं. मी व्ह्यूस्कॅन वापरतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण बंद पडलेल्या कंपन्यांची मशीनही त्याने जिवंत ठेवली आहेत. एक सवय लावून घ्या. मूळ स्कॅन १६ बिटमध्ये, कोणतीही सजावट न करता ठेवा आणि रंगांची कलाकुसर त्याच्या प्रतीवर करा. पाच वर्षांनी तुमची नजर बदलेल, तेव्हा पुन्हा पट्टी लावायची वेळ यायला नको.

जुन्या निकॉनबद्दल माझं मत विचाराल, तर यंत्र म्हणून आजही त्याचा मान आहे, पण घ्यायचा की नाही हे तुमच्या स्वभावावर अवलंबून. कंपनीने हे सगळे केव्हाच बंद केले. मिनोल्टाचा ५४०० हा तितकाच गुणी स्कॅनर होता, पण ती कंपनी २००६ मध्ये कॅमेऱ्यांच्या धंद्यातूनच बाहेर पडली. सुटे भाग म्हणजे दुसरं बंद मशीन विकत घेणं. काही मॉडेल यूएसबीची आहेत, काही फायरवायर या जुन्या जोडणीची. फायरवायरवाला स्वस्तात दिसला तर आधी ते घरी कशाला जोडणार याचा विचार करा. मला उघडून पुसापुशी करायला आवडतं, म्हणून माझं जमलं. तुम्हाला स्क्रूड्रायव्हर हातात धरायचा कंटाळा असेल तर नवा प्लस्टेक ८२००आय घ्या. त्यात इन्फ्रारेड आहे, फोकस पक्का आहे, आणि ३६०० वर स्कॅन करून समाधानी राहा. एकच बघा, ८१०० आणि ८२००आय दिसायला जुळे भाऊ आहेत, पण इन्फ्रारेड फक्त दुसऱ्यात आहे. स्लाइड्सच्या गडद सावल्यांत तो निकॉनची बरोबरी करणार नाही, हे मनाशी ठेवूनच घ्या.

तुमच्या जागी मी काय करेन? मी आधी काहीच विकत घेणार नाही. एखाद्या रविवारी तिन्ही डबे उघडून नुसता वास घेईन. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करायच्या आणि सगळ्यात आधी स्कॅन करायच्या, कारण त्यांच्याकडे वेळ नाही. बुरशीचे जाळीदार डाग दिसले तर पाणी लावायचं नाही. बुरशीने जिलेटिन आधीच पोखरलेलं असतं, पाण्याने चित्रच सुटून येईल. फिल्म क्लीनर किंवा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, आणि हलका हात. आणि हे सगळं कूलरच्या झोतात बसून करायचं नाही, तो बाहेरची सगळी धूळ तुमच्या पट्ट्यांवर आणून ठेवतो.

मग लाइटबॉक्सवर, नसेल तर मोबाइलवर पांढरा पडदा लावून, एकेक पट्टी बघेन. प्रत्येक पट्टीचा मोबाइलने साधा फोटो काढून फोनमध्येच त्याचे रंग उलटे करेन. चेहरे ओळखायला एवढं पुरतं. घरातल्या मोठ्यांना बसवून नावं विचारून घेईन. हे काम स्कॅनिंगपेक्षा तातडीचं आहे, मशीन पुढच्या वर्षीही मिळेल. यातून शंभर-दीडशे फ्रेम्स अशा निघतील ज्या खरंच मोठ्या छापाव्यात किंवा जपून ठेवाव्यात. १९८४ च्या आधीचा राजवाडा कुठे सापडला, वरचे लाकडी मजले आगीत जाण्यापूर्वीचा, तर ती फ्रेम क्लिक-थ्रीची असली तरी आधी काढा आणि तिच्यावर वेळ घालवा. बाकीच्या चौकोनी निगेटिव्ह फ्लॅटबेडवर, प्रत्येक रोलच्या बाराच्या बारा फ्रेम्स, मध्यम रिझोल्यूशनला. त्यासाठी एप्सनचा व्ही ६०० सुद्धा चालेल, किंवा कोणाचा आठवडाभर मागून आणा.

एक अपवाद. तुम्ही स्वतः आजही फिल्मवर फोटो काढत असाल, किंवा या डब्यांच्या निमित्ताने काढायला लागणार असाल, तर गणित बदलतं. मग स्कॅनर महिन्याला चार रोल खाईल आणि वर्षभरात पैसे वसूल होतील. प्रश्नात तसं काही लिहिलेलं नव्हतं म्हणून तुम्ही काढत नाही असं धरून मी चाललो.

स्लाइड्सचं मात्र घाईने ठरवू नका. त्यातल्या काही पूर्व जर्मनीच्या ऑर्वोच्या असतील, त्या आपल्याकडे खूप चालायच्या. त्यांचे रंग आता कुठे झुकले आहेत हे पाहिल्याशिवाय कोणतंही मशीन सुचवण्यात अर्थ नाही. एक झाँकीची आणि एक गेरची, अशा दोन स्लाइड्स आणि कलर निगेटिव्हची एक पट्टी घेऊन इंदूरला या. रविवारी सकाळी, पोहे-जलेबी आटोपून, दहाच्या सुमारास मी खोलीत असतो. त्या तिन्ही माझ्या मशीनवर ४००० ला काढून पेनड्राइव्हवर देतो. घरी मोठ्या पडद्यावर बघा, काळोखातली माणसं दिसतात का ते बघा. आणि येताना स्लाइड्स प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणू नका, कागदी पाकिटात उभ्या ठेवून आणा.